वीस हजार आयनांचा हिशेब

"मॅडम, प्रत्येक आवेगाला सोडियम आत शिरतं म्हणता. मग दिवसभरात पेशी सोडियमने भरून नाही का जात?"

बारावीच्या वर्गात चेतापेशींचा, म्हणजे मेंदूतल्या आणि नसांमधल्या निरोप नेणाऱ्या पेशींचा धडा चालू असताना दोन-तीन वर्षांतून एकदा कोणीतरी हा प्रश्न विचारतं आणि मला फार बरं वाटतं. आवेग म्हणजे या पेशींतून धावणारा विजेचा क्षणभराचा निरोप. बाकीच्यांनी वहीत लिहून घेतलेलं असतं: सोडियम आत येतं, पोटॅशियम बाहेर जातं, मग पंप सगळं पुन्हा जागेवर नेऊन ठेवतो. वाचायला सरळ आहे. पण त्यातून डोळ्यांसमोर चित्र उभं राहतं ते चुकीचं. वाटतं, एका आवेगात आतबाहेरची अख्खी अदलाबदल होते आणि पंप धावत येऊन ती निस्तरतो. तसं होत नाही. किती आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, हलतात हे एकदा मोजून पाहिलं की चेतापेशी वेगळीच दिसायला लागते, म्हणून आज मोजूनच दाखवते. गुणाकार-भागाकारापलीकडचं गणित लागणार नाही.

आधी कोण कुठे किती आहे ते पाहू. घरात कोणी आजारी पडलं की रक्ताचा रिपोर्ट येतो. त्यात सोडियम 140 च्या आसपास आणि पोटॅशियम 4 च्या आसपास असतं. हे आकडे एका लिटरमागे इतके मिलिमोल असे वाचायचे. एका लिटरमागे किती माल विरघळलाय, त्या मोजमापाला पुस्तकात संहती म्हणतात. पण हा रिपोर्ट पेशीच्या बाहेरच्या पाण्याचा. पेशीच्या आत उलटा कारभार: पोटॅशियम 140 च्या घरात आणि सोडियम 10 ते 15. मेंदूतल्या पेशींभोवतीच्या पाण्यात पोटॅशियम रक्तापेक्षाही थोडं कमी असतं, 3 च्या आसपास. तेवढा 3 चा आकडा लक्षात ठेवा, पुढे सगळी गोष्ट त्याच्यावर येणार आहे.

आत आणि बाहेर यांच्यामध्ये असतं पेशीपटल, जेमतेम 5 नॅनोमीटर जाडीचं, स्निग्ध पदार्थाचं. त्यातून आयनांना सहजासहजी जाता येत नाही. पेशी निवांत असते तेव्हा पोटॅशियमची काही दारं उघडी असतात. त्यातून थोडं पोटॅशियम बाहेर झिरपतं आणि जाताना आपला धनभार घेऊन जातं, त्यामुळे आतली बाजू बाहेरच्या मानाने ऋण होते, सुमारे उणे 70 मिलिव्होल्ट. आता हे ऋणपण पोटॅशियमला मागे ओढतं आणि गाडी तिथे थांबते.

70 मिलिव्होल्ट म्हणजे काहीच नाही, टॉर्चच्या सेलच्या वीस भागांपैकी एक. पण तो ताण केवळ 5 नॅनोमीटरवर पडलाय. मीटरच्या मापात हिशेब केला तर तो एक कोटी व्होल्टच्या वर जातो. पटलाच्या दोन्ही बाजूंना भार एकमेकांना चिकटून, समोरासमोर बसलेले असतात आणि मधली भिंत इतकी पातळ की थोडेसे भार इकडचे तिकडे झाले तरी व्होल्टेज पार उलटं होतं. माझ्या मते हा सगळ्या प्रकरणातला कळीचा मुद्दा आहे. व्होल्टेज बदलायला फार माल हलवावा लागत नाही.

किती हलवावा लागतो? एक बारीक चेतातंतू, म्हणजे चेतापेशीचा आवेग वाहून नेणारा लांब धागा, घेऊ, एक मायक्रोमीटर जाडीचा. आपल्या कातडीतून दुखण्याची खबर नेणारे बारीक तंतू साधारण याच मापाचे. त्याचा एक मायक्रोमीटर लांबीचा तुकडा कापला असं समजा. भाकरीच्या पिठाच्या एका कणापेक्षाही कितीतरी लहान. एक चौरस सेंटिमीटर पटलाची भार साठवायची क्षमता सुमारे एक मायक्रोफॅरड असते, हे मोजून माहीत आहे. आवेगाच्या वेळी सोडियमची दारं उघडतात, सोडियम आत शिरतं आणि व्होल्टेज उणे 70 वरून अधिक 30 पर्यंत जातं, म्हणजे 100 मिलिव्होल्टची उडी. या तीन गोष्टींवरून आपल्या तुकड्यात शिरायला हवेत असे सोडियम आयन निघतात सुमारे 20 हजार.

आता त्या तुकड्यात आधीपासून किती होते ते बघा. सोडियम सुमारे 57 लाख. पोटॅशियम साडेसहा कोटींच्या वर. 57 लाखांत 20 हजारांची भर पडली, म्हणजे शंभराला अर्धासुद्धा नाही. नंतर तेवढंच पोटॅशियम बाहेर गेलं, तर साडेसहा कोटींतून 20 हजार गेले, म्हणजे दहा हजारातले तीन. व्होल्टेजने कोलांटउडी मारली आणि आतलं पाणी चाखून पाहिलं तर फरक कळणार नाही!

हा किमान हिशेब झाला. प्रत्यक्षात सोडियम आत येत असतानाच थोडं पोटॅशियम बाहेर पडायला लागतं, दोघं एकमेकांचा परिणाम खोडतात, म्हणून खरा आकडा थोडा मोठा असतो. काही प्राण्यांत तो तिप्पट-चौपट भरतो. तरी चित्र तेच राहतं.

हे सगळं प्रथम कळलं ते एका समुद्री प्राण्यामुळे. स्क्विड, म्हणजे आपल्या कोळीवाड्यात मिळणारं माकूल, त्याच्या अंगात काही चेतातंतू अर्ध्या मिलिमीटरपर्यंत जाड असतात. नुसत्या डोळ्यांना दिसतात, पांढऱ्या दोऱ्यासारखे. धोका दिसला की माकूल अंगातलं पाणी जोरात मागे फेकून पळतं आणि त्या पळण्याचा हुकूम या जाड तंतूंतून जातो. 1939 च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडच्या प्लिमथ बंदरातल्या सागरी प्रयोगशाळेत अ‍ॅलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सली या शास्त्रज्ञांनी या तंतूच्या पोटात एक केसासारखी बारीक काचनळी उभी सरकवली आणि आवेग आतून मोजला. त्या वेळी सगळ्यांचा समज होता की आवेगाच्या क्षणी पटल सगळ्याच आयनांना सारखंच मोकळं होतं, म्हणजे व्होल्टेज शून्यावर येऊन थांबेल. ते शून्य ओलांडून वर गेलं, चांगलं 40 मिलिव्होल्ट. काही आठवड्यांत महायुद्ध सुरू झालं, दोघंही तिकडे ओढले गेले आणि उत्तर दहा वर्षं लांबलं. 1949 मध्ये हॉजकिन आणि बर्नार्ड कॅट्झ यांनी दाखवलं की बाहेरच्या पाण्यातलं सोडियम कमी केलं की ती शून्यावरची उडी खुजी होते. म्हणजे आत शिरणारा सोडियमच. 1952 मध्ये आवेगाचा हा हिशेब मांडणारी हॉजकिन-हक्सलींची समीकरणं आली. त्यांची आकडेमोड हक्सलींनी हाताने फिरवायच्या यंत्रावर केली होती.

माकुलाच्या जाड तंतूला आपला हिशेब लावला तर तो आणखी थक्क करतो. तिथे आत पोटॅशियम 400 मिलिमोल. एका मायक्रोमीटर लांबीच्या चकतीत सुमारे 47 लाख कोटी पोटॅशियम आयन. एका आवेगाला हलायला हवेत एक कोटीच्या आसपास. म्हणजे 47 लाखांतला एक. तंतू जाड झाला की पटलाच्या मानाने आतली जागा खूपच वाढते, म्हणून तिथे संहतीला ओरखडाही उठत नाही.

आता पंपाकडे येऊ. सोडियम-पोटॅशियम पंप हे पटलात बसलेलं एक प्रथिन. एका फेरीत तीन सोडियम बाहेर टाकतं, दोन पोटॅशियम आत घेतं आणि त्यासाठी एटीपीचा, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रसायनाचा, एक रेणू खर्च करतं. 1957 मध्ये डेन्मार्कच्या येन्स स्काउ यांनी खेकड्याच्या चेतातंतूंमध्ये ते शोधलं, त्यासाठी चाळीस वर्षांनी, 1997 मध्ये, त्यांना नोबेल मिळालं. पण हा पंप सावकाश कामाचा आहे. एका फेरीला काही मिलिसेकंद लागतात. अख्खा आवेग एखाद्या मिलिसेकंदात उरकतो, तेवढ्यात पंपाची एक फेरीसुद्धा पुरी होत नाही. व्होल्टेज पुन्हा खाली आणतं ते बाहेर पडणारं पोटॅशियमच. सोडियमची दारं आपोआप बंद झालेली असतात, पोटॅशियमची जास्तीची दारं उघडलेली असतात, काम फत्ते. पंप त्या क्षणाच्या खेळात नसतोच.

मुलांना हे पटत नाही, तेव्हा मी 1955 चा प्रयोग सांगते. हॉजकिन आणि रिचर्ड कीन्स यांनी चेतातंतूला असं विष दिलं की ऊर्जा तयार होणं बंद. किरणोत्सारी सोडियम आत भरून ठेवलेलं होतं, ते बाहेर टाकण्याचं काम थांबलेलं स्पष्ट दिसलं. आणि तंतू? तो आवेग वाहून नेत राहिला. पुढे साठच्या दशकात तर प्लिमथच्या त्याच परंपरेतल्या लोकांनी माकुलाचा तंतू रुळाखाली दाबून आतला मगज टूथपेस्टसारखा पिळून काढला, त्या रिकाम्या नळीत पोटॅशियमच्या क्षाराचं पाणी भरलं, आणि आवेग पुन्हा धावले. आत-बाहेर संहतीचा फरक तेवढा हवा, तो कोणी करून ठेवला याच्याशी आवेगाला देणंघेणं नाही.

आमच्या सोसायटीत गच्चीवर पाण्याची टाकी आहे. कोणी बादली भरली म्हणून खाली मोटर सुरू होत नाही, टाकीतली पातळीही कळण्याइतकी हलत नाही. पण दिवसभर मोटर लावलीच नाही तर संध्याकाळी नळ कोरडे. पंपाचं तसं आहे. फक्त टाकी किती मोठी, यावर सगळं अवलंबून. माकुलाच्या तंतूला अख्खा तलाव मिळालाय. आपल्या बारीक तंतूकडे मात्र एक हंडा. त्याच्यातून सेकंदाला शंभर आवेग गेले तर 20 हजार गुणिले शंभर, म्हणजे 20 लाख सोडियम एका सेकंदात आत. मूळचं होतं 57 लाख. पंप बंद असेल तर तीन सेकंदांत सोडियम दुप्पट. मेंदूतले पुष्कळ तंतू याहूनही बारीक आहेत. आपल्या मेंदूचं वजन शरीराच्या दोन टक्के आणि ऊर्जेचा खर्च वीस टक्के, त्यातला फार मोठा वाटा याच पंपावर जातो, तो यामुळे. आणि ज्या मुलाने पेशी भरून जाईल का म्हणून विचारलं, त्याला हेच उत्तर देते: एका आवेगाने काही होत नाही, पण पंप नसता तर तू म्हणतोस तेच झालं असतं, फक्त हळूहळू.

इथवर आपण आतला हिशेब केला. आता बाहेर येऊ, कारण खरी ओढाताण तिथे आहे.

मेंदूत पेशी एकमेकींना इतक्या खेटून असतात की दोघींमधली फट काही दशक नॅनोमीटरची. सगळ्या फटी मिळून मेंदूची जेमतेम पाचवा हिस्सा जागा. आपल्या तुकड्याभोवती 20 नॅनोमीटरची फट धरली, तर तिथल्या पाण्यात सोडियम आहे सुमारे 55 लाख. त्यातून 20 हजार आत गेले, कोणाला कळणार? पण पोटॅशियम त्या फटीत किती? 3 मिलिमोलच्या हिशेबाने फक्त एक लाख दहा-पंधरा हजार. त्यात आतून 20 हजार येऊन पडले. एका आवेगात सतरा-अठरा टक्के वाढ!

तेच 20 हजार. साडेसहा कोटीवाल्याला पत्ताही लागला नाही, 57 लाखवाल्याला किरकोळ, आणि लाखभर पुंजी असलेल्याचं घर हललं. आवेगात कोणत्या आयनाची संहती बदलते, या प्रश्नाचं उत्तर म्हणूनच "बाहेरच्या पोटॅशियमची" असं सुरू व्हायला हवं. हॉजकिन आणि फ्रांकेनहॉयझर यांना हे 1956 मध्ये माकुलाच्या तंतूतच दिसलं होतं. तंतूभोवती एक पातळ वेष्टन असतं, मधल्या चिंचोळ्या जागेत प्रत्येक आवेगाबरोबर दीडेक मिलिमोल पोटॅशियम साठत होतं आणि आवेगांमागून आवेग गेले तसा तंतूचा प्रतिसाद बदलत होता.

पोटॅशियम साठलं तर बिघडतं काय? निवांत अवस्थेतलं उणे 70 हे आतल्या-बाहेरच्या पोटॅशियमच्या गुणोत्तरावर उभं आहे. बाहेरचं दुप्पट झालं की पोटॅशियमचा तोल, म्हणजे ज्या व्होल्टेजला त्याचं बाहेर झिरपणं थांबतं ते, सुमारे 18 मिलिव्होल्टने वर सरकतो. पेशी आवेग उठायच्या उंबरठ्याच्या जवळ येते, थोड्याशा धक्क्याने पेटते, पेटली की आणखी पोटॅशियम बाहेर टाकते. शेजारणीच्या फटीत तेच पाणी, म्हणून तीही अस्वस्थ. हे आवरायला मेंदूत तारकापेशी आहेत. चांदणीसारख्या फाटे फुटलेल्या या पेशी स्वतः आवेग पाठवत नाहीत. त्या फटींमधलं जास्तीचं पोटॅशियम शोषून घेतात आणि आपापसांतल्या जोडांमधून दूर, कमी गर्दीच्या ठिकाणी पोचवतात. पूर्वी यांना नुसता आधाराचा गिलावा समजत. मला विचाराल तर बारावीच्या पुस्तकात त्यांना आज मिळते त्याहून जास्त जागा द्यायला हवी. तारकापेशी आणि पंप मिळून इतकं चोख काम करतात की भरपूर चाललेल्या मेंदूतही बाहेरचं पोटॅशियम थोडंच हलतं. अपस्माराच्या झटक्यातसुद्धा ते सहसा 10 ते 12 मिलिमोलवर अडवलं जातं.

आतल्या बाजूला एक अपवाद राहिला, कॅल्शियम. बाहेर ते एक-दीड मिलिमोल असतं. आत मोकळं कॅल्शियम त्याच्या दहा हजाराव्या हिश्श्याइतकं. आपल्या तुकड्यात मोजलं तर पन्नाससुद्धा आयन भरत नाहीत. चुकून लाख-कोटी लिहायचं राहिलं नाही, खरोखर पन्नास. त्यामुळे इथे चारदोनशे आयन शिरले तरी घडामोड मोठी. चेतातंतूच्या टोकाला आवेग पोचला की कॅल्शियमची दारं उघडतात आणि त्या दाराच्या अगदी तोंडाशी संहती शेकडो पटींनी चढते, तीही क्षणभरच. लगेच आतली प्रथिनं बहुतेक आयन पकडून ठेवतात आणि पंप उरलेले बाहेर टाकतात. पण तेवढ्या क्षणात निरोपाच्या रसायनाच्या पुड्या पुढच्या पेशीकडे फुटलेल्या असतात. 1967 मध्ये बेडकाच्या स्नायूवर केलेल्या मोजणीत दिसलं की हे फुटणं कॅल्शियमच्या चौथ्या घाताने वाढतं: कॅल्शियम दुप्पट, तर निरोप सोळापट. सोडियम आणि पोटॅशियम नुसते भार वाहतात, व्होल्टेज हलवतात. कॅल्शियमच्या बाबतीत संहतीतला बदल हाच निरोप. आज प्रयोगशाळेत जिवंत उंदराच्या मेंदूत पेशी चमकताना दाखवतात, ती चमक या कॅल्शियमची असते, त्याला चिकटून उजळणारं प्रथिन पेशीत आधी घालून ठेवलेलं असतं.

आणि हा सगळा बंदोबस्त कोलमडला तर? माझ्या मावशीला अर्धशिशीचा त्रास आहे. डोकं दुखायच्या आधी तिला वाचत असलेल्या ओळीच्या शेजारी एक लहानसा चमचमता ठिपका दिसतो. तो पसरत जातो, त्याची नागमोडी, करवतीच्या दात्यांसारखी कमान होते, कमानीच्या आतली अक्षरं पुसली जातात. वीसेक मिनिटांत ती कमान नजरेच्या कडेला जाऊन नाहीशी होते. 1941 मध्ये अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल लॅशली यांनी स्वतःला दिसणाऱ्या अशाच कमानी कागदावर काढल्या, वेळ मोजली आणि हिशेब केला की मेंदूच्या दृष्टीच्या भागावरून काहीतरी मिनिटाला 3 मिलिमीटर वेगाने सरकत असणार. तीनच वर्षांनी ब्राझीलचे अरिस्टीडस लेआँव यांना सशाच्या मेंदूवर नेमकी तशीच, मिनिटाला काही मिलिमीटर सरकणारी शांततेची लाट सापडली. त्यांना लॅशलींच्या डोळ्यांबद्दल शोध लावायचा नव्हता, ते अपस्मारावर काम करत होते.

त्या लाटेच्या तोंडाशी बाहेरचं पोटॅशियम 3 वरून 30, 40, 60 मिलिमोलपर्यंत चढतं. बाहेरचं सोडियम आणि कॅल्शियम पेशींमध्ये ओतलं जातं. आत-बाहेरचा फरक जवळजवळ मिटतो, पेशी आधी पेटतात आणि मग गप्प होतात, कारण आवेग उठायला फरकच उरत नाही. बाहेर पडलेलं पोटॅशियम शेजारच्या फटींमध्ये झिरपतं आणि तिथल्या पेशींना तेच करायला लावतं. झिरपण्याचा वेग तो लाटेचा वेग, म्हणून मिनिटाला 3 मिलिमीटर. आवेग सेकंदाला कित्येक मीटर धावतात, ही मात्र मुंगीच्या पावलांनी. लाटेच्या मागे पंप जोर लावतात, रक्तातला प्राणवायू आणि साखर संपवत एकेक फट साफ करतात, आणि काही मिनिटांत पेशी बोलायला लागतात. पक्षाघातात रक्तच पोचत नसतं, तिथे हीच लाट येते पण मागे पंपाला द्यायला ऊर्जा नसते. फटींमधलं पोटॅशियम तिथेच राहतं आणि पेशी मरतात.

मावशी आता ठिपका दिसला की पुस्तक उलटं ठेवते, खोलीत अंधार करते आणि घड्याळ बघते. अठरा ते बावीस मिनिटं, असं तिने कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवलंय.